चेहऱ्यात भरणद्रव्य टोचून घेण्यापूर्वी

शिवाजीनगर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुण्याचे शिवाजीनगर उभे राहते. प्रस्तुत प्रकरणातील शिवाजीनगर बंगळूरचे आहे. इंग्रजी छावणीच्या काळात ही वस्ती ब्लॅकपल्ली या नावाने ओळखली जात असे. आज तेथे रसेल मार्केटची गर्दी आहे, सेंट मेरी बॅसिलिकेचा उंच मनोरा आहे, एकोणिसाव्या शतकात उभे राहिलेले बोअरिंग रुग्णालय आहे आणि जवळच कमर्शियल स्ट्रीटची कापडाची व दागिन्यांची दुकाने आहेत. बंगळुरात पिढ्यानपिढ्या राहणारी अनेक मराठी कुटुंबे लग्नाचा बस्ता बांधायला याच भागात येतात.

अशाच एका बस्त्याच्या दिवशी आमच्या नात्यातील वीस वर्षांच्या एका मुलीने मला विचारले, "मावशी, नाकाच्या मुळाशी एक इंजेक्शन घेतले की नाक सरळ दिसते म्हणतात. पंधरा मिनिटांचे काम आहे. घेऊ का?" लग्नाला अकरा दिवस उरले होते. ज्या ठिकाणी तिला ते स्वस्तात देऊ केले होते तो दवाखाना नव्हता, केशभूषेचे दुकान होते. मी "नको" म्हणाले. "का नको?" या तिच्या पुढच्या प्रश्नाला मात्र मला धड उत्तर देता आले नाही. या पुस्तकाचा अनुवाद करताना त्वचेवरील प्रकरणांपाशी मला तो प्रश्न पुन्हा आठवला, आणि मराठी आवृत्तीसाठी हे प्रकरण जोडावे असे ठरले.

प्रथम शब्दाचा विचार करू. ज्याला सर्वत्र 'फिलर' म्हणतात त्याला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. येथे 'भरणद्रव्य' हा शब्द योजला आहे. आपण करंजीत सारण भरतो, गादीत कापूस भरतो, दंतवैद्य किडलेला दात भरतो. या सर्व ठिकाणी पोकळी आधीच असते किंवा मुद्दाम ठेवलेली असते. चेहऱ्यात तशी पोकळी नसते. त्वचा, मेद, स्नायू आणि हाड यांचे थर एकमेकांना लगटून असतात आणि त्यांमधून रक्तवाहिन्या व चेता गेलेल्या असतात. सुईने आत सोडलेले द्रव्य या दाटीत स्वतःची जागा करून घेते. या विषयातील बहुतेक सगळा धोका या एका गोष्टीतून निर्माण होतो.

दुसरा घोटाळा 'बोटॉक्स' या नावाने होतो. पुष्कळ लोक दोन्ही इंजेक्शने एकच समजतात. बोटॉक्स हे एका जिवाणूच्या विषापासून केलेले औषध आहे. ते चेतेकडून स्नायूला मिळणारा संदेश थोपवते, त्यामुळे स्नायू सैल पडतो आणि त्यावरील सुरकुती मावळते. हा परिणाम साधारणपणे तीन-चार महिन्यांत ओसरतो. भरणद्रव्य स्नायूला काही करीत नाही. ते त्वचेखाली बसून राहते आणि तेवढा भाग उचलून धरते.

आता थोडे इतिहासाकडे वळू. हा इतिहास आपल्याच भूमीवरून जातो, आणि त्या मुलीला द्यावयाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात एक पत्र चित्रासह छापले गेले. मार्च १७९१ मध्ये इंग्रजांनी बंगळूरचा किल्ला घेतला होता आणि टिपू सुलतानाशी त्यांचे युद्ध १७९२ पर्यंत चालले. या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठा गडी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाव इंग्रजांनी 'कावसजी' असे लिहून ठेवले आहे. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले, आणि मुंबईच्या दोघा इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली.

त्या कारागिराची रीत अशी होती. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या थोटकावर बसवून नाकाचा आकार घेतला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. परंतु दोन्ही भुवयांच्या मधे कातडीची एक अरुंद पट्टी त्याने न कापता तशीच ठेवली. सोडवलेली कातडी पिळा देऊन खाली आणली व नाकाच्या जागी बसवली. नवे नाक धरल्यानंतर, सुमारे पंचवीस दिवसांनी, ती पट्टी कापली. इंग्लंडमध्ये कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने ही रीत १८१४ मध्ये अवलंबिली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले.

ती अरुंद पट्टी न कापण्याचे कारण आज आपल्याला नेमके सांगता येते. दोन्ही भुवयांच्या आतल्या टोकांशी, नाकाच्या मुळाजवळून, एकेक रोहिणी, म्हणजे हृदयाकडून आलेले रक्त पुढे नेणारी वाहिनी, कपाळावर चढते. कपाळाची सोडवलेली कातडी त्या रोहिणीतील रक्तावर जगत होती. पट्टी तोडली असती तर नवे नाक दोन दिवसांत काळे पडून गळले असते. त्या कारागिराने शरीररचनेचा ग्रंथ वाचला असेल असे वाटत नाही. परंतु कोणती वाट मोकळी ठेवायची हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

ही रोहिणी डोळ्यामागच्या रोहिणीची शाखा आहे, आणि त्याच मूळ रोहिणीतून दृष्टिपटलाला रक्त पुरवणारी बारीक शाखाही निघते. नाकाच्या मुळाशी किंवा भुवयांच्या मधे टोचताना सुईचे टोक चुकून रोहिणीत शिरले आणि दट्ट्या जोराने दाबला गेला, तर आत गेलेले द्रव्य रक्ताच्या दाबावर मात करून उलट दिशेने, डोळ्याच्या बाजूला सरकते. दट्ट्यावरील दाब सुटला की रक्ताचा प्रवाह पूर्ववत होतो आणि ते द्रव्य पुढे ढकलतो. या वेळी ते दृष्टिपटलाच्या शाखेत जाऊन बसू शकते. तसे झाले की त्या डोळ्याची दृष्टी काही क्षणांत जाते, आणि एकदा गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. द्रव्य मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्यांत पोचल्यास पक्षाघातही होऊ शकतो. रोहिणी त्वचेकडे जाणारी असेल तर तेथील कातडी मरते आणि व्रण राहतो. नाकाची बाजू, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येणारी घडी आणि कपाळ हे भागही याच कारणाने जोखमीचे आहेत.

हे वारंवार घडते असा समज वाचकाने करून घेऊ नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तोवरच्या जागतिक वैद्यकीय वाङ्मयातून दृष्टी बिघडल्याच्या ९८ नोंदी मिळाल्या. २०१९ च्या पुरवणी आढाव्यात आणखी ४८ नोंदींची भर पडली. जगात दरवर्षी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांच्या मानाने ही संख्या लहान आहे. प्रत्येक घटना नोंदली जातेच असे नाही, हेही खरे. परंतु सरळ नाकासाठी एक डोळा पणाला लागत असेल, तर संख्या लहान आहे एवढ्याने समाधान होत नाही.

आत काय घातले जाते, याचा इतिहासही उद्बोधक आहे. पुण्याच्या कारागिराने मेण नुसते मापासाठी वापरले आणि बाजूला ठेवले. पुढे शंभर वर्षांनी, १८९९ मध्ये, व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी या शल्यविशारदाने मऊ पॅराफिन शरीरात टोचले आणि अल्पावधीत युरोपात खोलगट गाल व बसकी नाके पॅराफिनने भरून देण्याची लाट आली. पॅराफिन जागचे सरकते, त्याभोवती टणक गाठी होतात आणि ते पूर्णपणे बाहेर काढता येत नाही. सौंदर्यासाठी ख्यातनाम असलेली ग्लॅडिस डीकन, जी पुढे इंग्लंडमध्ये मार्लबरोची डचेस झाली, हिने तरुणपणी नाकात हे मेण टोचून घेतले. ते हनुवटीकडे ओघळले आणि तिचा चेहरा कायमचा विद्रूप झाला. पॅराफिननंतर द्रवरूप सिलिकोन आले. त्याचीही तीच गत झाली आणि १९७० च्या दशकात अमेरिकेतील नेव्हाडा राज्याला ते टोचण्यास कायद्याने मनाई करावी लागली. असे असूनही द्रवरूप सिलिकोन चोरून टोचणारे आजही आढळतात. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजन या प्रथिनाला मान्यता मिळाली. परंतु काहींना त्याचे वावडे असे, म्हणून आधी हातावर थोडे टोचून चार आठवडे वाट पाहावी लागे.

सध्या सर्वाधिक वापर हायलुरॉनिक आम्लाचा होतो. 'आम्ल' या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. हा साखरेच्या रेणूंची लांबच लांब माळ असलेला बुळबुळीत पदार्थ आहे आणि तो आपल्या शरीरात मुळातच असतो. १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातील काचेसारख्या रसातून वेगळा काढला. काचेला ग्रीक भाषेत असलेल्या शब्दावरून त्याचे नाव पडले. प्रौढ माणसाच्या शरीरात तो सुमारे १५ ग्रॅम असतो आणि त्यातील जवळजवळ एक तृतीयांश रोज मोडून नवा तयार होतो. अर्थात नुसता टोचला तर तो फार टिकणार नाही. म्हणून माळांना एकमेकींशी रासायनिक टाके घालून त्याचा घट्ट लगदा करतात. असा लगदा सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकतो असे सामान्यतः सांगितले जाते, काही जागी त्याहूनही अधिक काळ. (शाकाहारी वाचकांसाठी: काही काळ हा पदार्थ कोंबड्याच्या तुऱ्यापासूनही काढीत. आता तो बहुधा जिवाणूंच्या किण्वनातून मिळवतात. तरी विचारून घेण्यास हरकत नाही.)

या पदार्थाचा मोठा गुण त्याच्या सौंदर्यात नाही. तो विरघळवता येतो, हा त्याचा खरा गुण. हायलुरॉनिडेज नावाचे विकर टोचले की त्याच्या माळा तुटतात. हे विकर काही दुर्मीळ औषध नव्हे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याभोवती भूल देताना नेत्रवैद्य ते कित्येक दशके भुलीच्या औषधात मिसळत आले आहेत. रोहिणी अडल्याची शंका येताच हे विकर भरपूर प्रमाणात आणि तत्काळ टोचले, तर त्वचा बहुधा वाचते. डोळ्याच्या बाबतीत मात्र त्याचा भरवसा देता येत नाही. म्हणून इंजेक्शन देणाऱ्याला विचारावयाचा पहिला प्रश्न "किती दिवस टिकेल?" हा नव्हे. "हायलुरॉनिडेज या क्षणी तुमच्या कपाटात आहे काय, आणि ते तुम्ही पूर्वी वापरले आहे काय?" हा होय. उत्तर देताना समोरचा माणूस चिडला किंवा हसला, तर उठून यावे.

कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपटाइट, पॉलिलॅक्टिक आम्ल आणि पीएमएमए या प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी हीसुद्धा भरणद्रव्ये म्हणून वापरली जातात. त्यांवर हे विकर चालत नाही. मणी तर कायमचेच राहतात. पहिल्याच वेळी असे द्रव्य घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'कायमचे' हा शब्द जाहिरातीत गोड वाटतो, पण चेहरा मात्र वयाबरोबर बदलत जातो.

वेळेचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. दृष्टिपटल रक्तावाचून सुमारे दीड तास तग धरू शकते असे दीर्घकाळ मानले जात होते. अलीकडील काही अभ्यासक याहूनही कमी अवधी सांगतात. आता शिवाजीनगरातील एखादे दुकान डोळ्यांपुढे आणा. बोअरिंग रुग्णालय तेथून हाकेच्या अंतरावर आहे. डोळ्यांसाठीचे मिंटो हे सरकारी रुग्णालय मात्र चामराजपेटेच्या बाजूला, शहराच्या जुन्या पेठांपलीकडे आहे. संध्याकाळच्या वेळी हा रस्ता ज्याने रिक्षातून पार केला आहे त्याला दीड तासाचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तयारी पुढल्या रुग्णालयात असून भागत नाही, ती इंजेक्शन देणाऱ्याच्या खोलीतच असावी लागते. अशी तयारी केशभूषेच्या दुकानात असू शकत नाही.

इंजेक्शन देणारा कोण, हे त्यामुळेच द्रव्याइतके महत्त्वाचे आहे. त्वचारोगशास्त्रातील किंवा प्लॅस्टिक सर्जरीतील पदव्युत्तर पदवी असलेला आणि राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेला डॉक्टर असावा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमानंतरही लागू शकते. ती वैद्यकीय पदवी नव्हे. कर्नाटकात खासगी दवाखान्यांना २००७ च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीचा दाखला पाहायला मागण्यात कसलाही उद्धटपणा नाही. नाडी दाखवायला गेलेल्या माणसाने वैद्यालाच प्रश्न विचारू नयेत, हा आपल्याकडचा जुना संकोच येथे उपयोगाचा नाही.

चांगला डॉक्टर प्रथम आपल्यालाच प्रश्न विचारील. गर्भार आहात काय, अंगावर पाजता काय, चेहऱ्यावर पिकलेली मुरुमे किंवा ओठावर तापाचे फोड आहेत काय, पूर्वी काही टोचून घेतले होते काय, जखमेचे व्रण जाड व उंच होतात काय, भूल देण्याच्या औषधाचे वावडे आहे काय. मधमाशी चावल्यावर अंगावर भयंकर सूज आल्याचे आठवत असेल तर तेही सांगावे. मधमाशीच्या विषात हायलुरॉनिडेज असते आणि अशा माणसाला सुटकेचे विकरच बाधू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगाव्यात, पण काळेनिळे डाग पडू नयेत म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयाचा झटका चेहऱ्यावरील डागापेक्षा महाग पडतो. वयाचीही चौकशी व्हावयास हवी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या द्रव्यांना २२ वर्षे व त्यापुढील वयासाठीच मान्यता दिली आहे.

नंतर काय होते? सूज, ठणका, काळेनिळे डाग हे बहुतेकांना होतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत जातात. म्हणून हळदीच्या आदल्या पंधरवड्यात हे करून घेणे, धोका बाजूला ठेवला तरी, निव्वळ अव्यवहार्य आहे. क्वचित काही महिन्यांनीही गाठ किंवा लाल सूज येते, विशेषतः दुसऱ्या एखाद्या संसर्गानंतर. या गोष्टी डॉक्टरांना दाखवून निस्तरता येतात. याउलट टोचतानाच किंवा थोड्या वेळाने तीव्र कळ आली, त्वचा पांढरीफटक पडली, तिच्यावर जाळीसारखी जांभळट नक्षी उमटली, बोटाने दाबून सोडल्यावर रंग लवकर परत आला नाही, तर ती साधी सूज नव्हे. डोळ्यापुढे अंधारी, पापणी खाली येणे, एकाएकी डोके भयंकर दुखणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांना सांगावे. "उद्या सकाळपर्यंत उतरेल, बर्फ लावा," असे कोणी म्हटले तरी ऐकू नये.

सुईशिवाय, हवेच्या दाबाने द्रव्य आत ढकलणारी लेखणीसारखी यंत्रे घरपोच मिळतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला. द्रव्य किती खोल जाईल यावर त्यांत ताबाच राहत नाही. याहून अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

त्या मुलीने मला आपले 'वाकडे' नाक दाखवले ते आरशात नव्हे, भ्रमणध्वनीवर हात लांब करून स्वतःच काढलेल्या छायाचित्रात. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी गणित मांडून दाखवले की सुमारे फूटभर अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रात नाक पाच फुटांवरून दिसते त्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद भासते. इच्छुकाने निर्णयापूर्वी पाच फुटांवरून, दुसऱ्या कोणाकडून, तीन बाजूंनी छायाचित्रे काढून घ्यावीत आणि आठवडाभराने ती पुन्हा पाहावीत. आमच्या मुलीने लग्नानंतर तशी ती काढली, आणि तूर्त नाक आहे तसे राहू दिले आहे. ओठ किंवा गाल याबाबत तिचे मत पुढे बदलले तर तो तिचा अधिकार आहे. मला त्यात नैतिक दोष दिसत नाही. कावसजीने नाक करून घेतले तेव्हाही लोक त्याच्याकडे पाहत होते म्हणूनच घेतले.

कोणी करून घ्यायचे ठरवलेच, तर शेवटची एक व्यावहारिक सूचना आहे. द्रव्याची कुपी बहुधा एक मिलिलिटरची, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्शाची असते, आणि ती आपल्यासमोर फोडली जावी. आयात केलेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक असावा लागतो. मुदत संपण्याची तारीख आणि उत्पादन-गटाचा क्रमांकही असतो. पुष्कळ खोक्यांत या मजकुराची चिकटपट्टी सुटी निघते. ती मागून घ्यावी, घरच्या औषधांच्या वहीत चिकटवावी, आणि तिच्याखाली तारीख, डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक व चेहऱ्याच्या कोणत्या भागात किती टोचले ते लिहून ठेवावे. दोन वर्षांनी गाठ आली आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी "आत काय आहे?" असे विचारले, तर उत्तर त्या वहीत मिळेल.